पंचवीस शब्दांची यादी

आमच्या दवाखान्यात कान तपासायची जी खोली आहे, तिला सगळे ‘पेटी’च म्हणतात. खोलीतली खोली. आतल्या भिंतींना बारीक भोकांचे पत्रे, जाडजूड दार आणि मध्ये दुहेरी काचेची खिडकी. ज्याचे कान तपासायचे तो आत बसतो, मी बाहेर. माझ्यापुढे यंत्र असतं, त्याला दोन चकत्या, थोडी बटणं आणि एक माईक. आतल्या माणसाच्या डोक्यावर हेडफोन, लाल उजव्या कानावर, निळा डाव्या. हातात एक बटण. कानात आवाज आला, कितीही बारीक का असेना, की ते दाबायचं. माझ्याकडे दिवा लागतो आणि मी कागदावर खूण करते. असं करत करत कुठला आवाज किती मोठा केल्यावर ऐकू येतो त्याचा आलेख तयार होतो.

ऐकायला सोपं वाटतं, पण पेटीत बसलं की माणसं बदलतात. दार लागलं की बाहेरचा गलका एकदम तुटतो आणि काहींना जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या पोटातली गुरगुर ऐकू येते. कॅम्पातले एक निवृत्त सुभेदार दर शिट्टीला बटण दाबून वर ‘येस’ म्हणायचे, तेही इतक्या ठसक्यात की काचेबाहेरही ऐकू यावं. खानापूरकडच्या एका आजोबांनी शेवटपर्यंत बटण दाबलंच नाही. आत जाऊन विचारलं तर म्हणाले, “आवाज सगळे आले की. पर बटन दाबून मोडलं बिडलं तर?” अशा वेळी मी पूर्वी चिडायची. आता चिडत नाही असं नाही, पण आधी विचारते. ही विचारायची सवय मला एका भाजीवाल्या बाईंनी लावली, आणि त्यांना ती फुकट लावता आली नाही. त्यांची गोष्ट सांगायची तर माझी चूक सांगावी लागते.

माझं माहेर कागलजवळ, म्हणजे महाराष्ट्रात. सासर निपाणी, म्हणजे कर्नाटकात. मधलं अंतर इतकं थोडं की माहेरचा डबा सासरी गरम पोचतो. लग्नाआधी मी कान तपासण्याचं शिक्षण घेतलं होतं, आणि लग्नानंतर बेळगावच्या या दवाखान्यात नोकरी लागली. रोज निपाणी–बेळगाव बस. कन्नड मला ओ की ठो येत नव्हतं. खरं सांगायचं तर शिकायचंही नव्हतं. निपाणीत घरीदारी मराठी, दवाखान्यात निम्मे पेशंट मराठी, उरलेल्यांशी हिंदीत भागायचं. शिवाय मनात कुठेतरी एक ताठा होता, की आपण का शिकायचं? आल्या आल्या चार वाक्यं पाठ करून ठेवली होती. बसा, बटण दाबा, हा कान, तो कान. एवढ्यावर मी स्वतःला हुशार समजत होते.

सासूबाईंना माझा हा ताठा ठाऊक होता. त्या आयुष्यभर निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत काम केलेल्या. वखारीत मराठी बायका, कन्नड बायका, उर्दू बोलणाऱ्या बायका, सगळ्या एका रांगेत बसून पानं निवडायच्या, त्यामुळे शाळेचं तोंड न बघता त्यांच्या तोंडात तीन भाषा बसल्या होत्या. मी रोज चुकीच्या बसमागे धावायची, कारण पाटी कन्नडात. त्या म्हणायच्या, “लोकांचं कान तपासतीस व्हय गं, मग तुझं कोन तपासायचं?” मी हसून सोडून द्यायची.

शिट्ट्यांची तपासणी झाली की दुसरी तपासणी असते, शब्दांची. नुसता आवाज ऐकू येणं वेगळं आणि बोललेलं कळणं वेगळं. काही कानांचं असं होतं की आवाज कितीही मोठा करा, शब्द उलगडत नाही. नुसता कालवा आत जातो. अशा माणसाला श्रवणयंत्र दिलं तरी त्याचा फारसा उपयोग होत नाही, कालवा तेवढा मोठा होतो. म्हणून आरामात ऐकू येईल इतक्या मोठ्या आवाजात पंचवीस शब्द ऐकवायचे आणि माणसानं ते जसेच्या तसे म्हणायचे. बरोबरला टिक, चुकीला फुली. आमच्याकडे तेव्हा शब्दांची एकच यादी होती आणि ती कन्नड होती. एका पुरुषाच्या आवाजात ध्वनिमुद्रित केलेली. मी रुजू झाले तेव्हा मराठी यादी का नाही म्हणून कुरकुर केली. आमच्या मॅडम, म्हणजे माझ्या वरच्या, धारवाडकडच्या. त्यांनी शांतपणे सांगितलं की मागवली आहे, येईल, आणि तोवर मला टिका-फुल्या करता याव्यात म्हणून सगळे पंचवीस शब्द स्वतःच्या हातानं देवनागरीत लिहून दिले. अर्थ लिहिले नाहीत. मीही विचारले नाहीत. आवाज जुळला की झालं, अर्थ कशाला?

रुजू होऊन तीनेक महिने झाले असतील. मॅडम लेकीच्या बाळंतपणासाठी रजेवर होत्या आणि सगळी पेटी माझ्या ताब्यात होती. त्या आठवड्यात बेळगावजवळच्या कडोलीच्या दोन बायका आल्या. सख्ख्या जावा. थोरली साठीला टेकलेली, उंच, हाडापेरानं मजबूत, कपाळावर ठसठशीत कुंकू. धाकटी तिच्या खांद्याएवढी, सारखी पदर सारखा करणारी. तपासायचे होते थोरलीचे कान, पण बोलत होती धाकटी.

“आक्कास्नी आता ऐकू येत न्हाय बाई. आमी तीस वर्सं बाजारात बसतोय. शेतातली भाजी, रताळी, कोबी, नवलकोल, समदं ह्यास्नीच पुढं बसून इकायचं. म्या मागं, तराजूवर. आता गिऱ्हाइक बोलतंय एक आनि ह्या बगत बसत्यात. पोरगं म्हणतंय, बास झालं, घरात बसा.”

थोरलीनं हे सगळं ऐकलं की नाही कोण जाणे. ती धाकटीच्या ओठांकडे बघत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “यंत्र बसवलं की बसता येतंय न्हवं बाजारात? एवढंच सांगा.”

मी त्यांना मावशी म्हटलं, आत बसवलं, हेडफोन लावले. शिट्ट्यांची तपासणी सुरेख झाली. बटण दाबायचा हात इतका पक्का की मला एकही आवाज दोनदा द्यावा लागला नाही. आलेख तयार झाला, दोन्ही कान बऱ्यापैकी कमी, पण हाताबाहेर गेलेले नाहीत. यंत्र लागेल आणि चालेलही, असं मी मनात म्हणून टाकलं. मग यादी लावली. कन्नड येतं का विचारलं, तर म्हणाल्या, “बाजारात त्येच की.”

पहिले चार शब्द त्यांनी जसेच्या तसे म्हटले. चार टिका. पाचव्याला त्या काहीतरी पुटपुटल्या, मला नीट लागलं नाही. पाठीमागे अकरा माणसांची रांग, बाहेर एक बाळ रडत होतं आणि मला वैताग आलेला. मी माईकचं बटण दाबून जरा मोठ्यानंच म्हटलं, “मावशी, स्पष्ट सांगा हो. मला कन्नड कळत नाही.”

काचेतून त्यांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. आणि तिथून पुढे सगळं बिघडलं. यादीतला शब्द ‘इली’, त्या म्हणाल्या “उंदीर.” ‘मोसरु’ला “दही.” ‘बागिलु’ला “कवाड.” मी फुली, फुली, फुली मारत गेले. पुस्तकात वाचलं होतं की अशा कानांची माणसं शब्द न कळल्यावर मनाला येईल तो शब्द बोलतात. इथे तर डोळ्यांसमोर घडत होतं. शिस्त म्हणून मी प्रत्येक फुलीपुढे त्या काय म्हणाल्या तेही लिहीत गेले. शेवटी चार टिका आणि एकवीस फुल्या.

आज हे लिहिताना कान गरम होतात. सीमेवरच्या दोन गावांत राहणारी, शिकलेली मुलगी मी, आणि माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. उंदीर, दही, कवाड. कानानं अधू असलेल्या माणसाच्या तोंडून इतके नीटनेटके शब्द कसे येतील, हेही नाही. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल त्या दिवशी मीच होते.

डॉक्टरांनी माझा कागद बघितला आणि त्यावरूनच मत दिलं. समजावून सांगायचं काम माझं. मी दोघींना समोर बसवून सांगितलं की मावशींना यंत्रानं आवाज मोठा ऐकू येईल, पण शब्द कळणार नाहीत. वयानं असं होतं. बाजारात तर गोंगाट, तिथे त्रासच होईल. धाकटी पदराशी खेळत ऐकत होती. मग ती थोरलीच्या कानाशी वाकली आणि दोनच वाक्यांत मोठ्यानं सांगितलं.

थोरलीनं विचारलं, “म्हंजे आता बसायचं घरात?”

मी म्हटलं, तसं नाही मावशी. पण तसंच होतं, आणि आम्हा तिघींनाही ते कळलं. त्यांनी कागद घडी घालून चंचीत ठेवला. जाताना माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली आणि म्हणाल्या, “लई दमलीस बाई तू. रांग मोटी हाय.”

नंतर महिनाभर मला त्यांची आठवणसुद्धा आली नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे. वाईट बातमी सांगणारा सांगून मोकळा होतो, ऐकणारा ती घरी घेऊन जातो.

एका शनिवारी दवाखाना लवकर सुटला. सासूबाईंनी उपवासासाठी रताळी आणायला सांगितलं होतं, म्हणून बसच्या आधी बाजारात शिरले. रताळ्यांचे ढीग बघत चालले होते, तर एका ढिगामागे त्याच दोघी. पण जागा उलट्या. धाकटी पुढे बसली होती आणि थोरली मागे, तराजूपाशी, हात मांडीवर ठेवून. धाकटी गिऱ्हाइकाला बोटांनी भाव दाखवत होती, अर्धी गिऱ्हाइकं तिचं तोंड बघून पुढच्या ढिगाकडे जात होती. मी ओळख द्यावी की नाही या विचारात खांबाआड थांबले. खरं तर पळून जायचं मनात होतं.

तेवढ्यात एक वयस्कर बाई आल्या. जुनं गिऱ्हाइक असावं. त्यांनी धाकटीला काही विचारलं, तिला कळलं नाही. मग त्या ढिगाला वळसा घालून सरळ मागे गेल्या, थोरलीच्या कानाशी वाकल्या आणि ओरडून कन्नडात दोन-तीन वाक्यं बोलल्या. थोरलीनं ऐकलं. मान वळवली आणि क्षणाचीही उसंत न घेता धाकटीला मराठीत म्हणाली, “दोन किलो रताळी, बारकी बग. कोबी एक, घट असंल तर. आनि परवाचं नवलकोल आत किडकं निघालं म्हंत्यात, त्या बदली एक दे.”

धाकटी निवडायला लागली. ती बाई समाधानानं पिशवी उघडून उभी राहिली. कुणालाच यात काही विशेष वाटलं नाही. तीस वर्षं तिथे असंच चाललं होतं. गिऱ्हाइकानं कन्नडात बोलायचं, थोरलीनं ते मराठीत मागे सांगायचं, धाकटीनं तोलायचं. धाकटी माहेरची चंदगडकडची, म्हणजे महाराष्ट्रातली, तिला कन्नड येत नव्हतं, म्हणून.

मला मात्र माझ्या एकवीस फुल्या आठवल्या. कानाशी ओरडल्यावर या बाईला तीन वाक्यं कळली होती. गोंगाटात. किडक्या नवलकोलासकट.

मी रताळी घेतलीच नाहीत. सरळ रिक्षा करून दवाखान्यात परत गेले. मॅडम रजेवरून आल्या होत्या आणि अजून टेबलाशी होत्या. मी फाइल काढून तो शब्दांचा कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, मला फक्त यांचे अर्थ सांगा. त्यांनी चष्मा लावला. पहिल्या चार टिका ओलांडल्या. मग बोट एकेका शब्दावर ठेवत वाचायला लागल्या. “इली म्हणजे उंदीर. मोसरु, दही. बागिलु, दार. कल्लु, दगड, या काय म्हणाल्यात? धोंडा. बरोबर.” दहाव्या शब्दाला त्या थांबल्या. पुढचे वाचायची गरजच नव्हती, तरी मी त्यांना शेवटपर्यंत वाचायला लावलं. एकवीस फुल्यांपैकी एकोणीस शब्दांचे अर्थ अचूक होते.

मी टेबलाशी उभी राहून रडले. मॅडमनी रडू दिलं. मला वाटलं, आता त्या म्हणतील की यादी अर्धवट लिहून देण्यात आपलीही चूक झाली, होतं असं. तसं काही त्या म्हणाल्या नाहीत. पाण्याचा ग्लास पुढे केला आणि म्हणाल्या, “सोमवारी त्यांना बोलवा. फोन करू नका, जाऊन बोलवा.”

रविवारचा दिवस कसा काढला ते मलाच ठाऊक. सासूबाईंना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, आता टोमण्यांचा पाऊस पडेल. त्या भाकरी थापत राहिल्या. मग म्हणाल्या, “चुकलीस ते चुकलीस. पर त्या बाईनं मागं बसून म्हैना काढला, तो तुला देता येत न्हाय. उद्या हात जोडताना लाजू नगंस.”

लाजायचं नाही हे ठरवून गेले, तरी लाजलेच. सोमवारी सकाळी बाजार नुकता भरत होता. मी दोघींच्या पुढ्यात पोत्यावर उकिडवी बसले. धाकटीला सगळं सांगितलं, आणि मग थोरलीच्या कानाशी तोंड नेऊन, जसं गिऱ्हाइकं नेतात तसं, ओरडून सांगितलं, “मावशी, चूक माझी झाली. तुमच्या कानांना शब्द कळतात. तुम्ही सगळं बरोबर सांगितलंत, मलाच कळलं नाही.” आजूबाजूचे चार भाजीवाले मान वळवून बघायला लागले. ओरडून माफी मागायची वेळ दुश्मनावरही येऊ नये.

थोरलीला आधी उलगडाच होईना. मग तिला कळलं आणि ती माझ्याकडे अशी बघायला लागली जसं काही मीच जरा कमी ऐकते.

“अगं बाई, तूच म्हणालीस न्हवं, मला कन्नड कळत न्हाय म्हणून? काचेतनं बगितलं तुझ्याकडं. म्हटलं, एवढी शिकल्याली पोर, आनि त्यो बाप्या कानात कन्नड बोलतोय, हिला कसं कळायचं? म्हणून तुला मराठीतनं सांगितलं.”

म्हणजे सवय होतीच, पण नुसती सवय नव्हती. माझ्यासाठी म्हणून त्यांनी वीस शब्द एका भाषेतून दुसऱ्या भाषेत आणून दिले होते, आणि मी एकेकावर फुली मारली होती. इतक्या वर्षांत माझ्यावर कुणी केलेल्या उपकाराची इतकी वाईट परतफेड मी दुसरी केलेली नाही.

दुसरी तपासणी मॅडमनी घेतली, मी शेजारी उभी. या वेळी मावशींना पुन्हा पुन्हा सांगितलं की कन्नड ते कन्नडच म्हणायचं, अर्थ सांगायचा नाही. ते त्यांना भलतंच जड गेलं. शब्द म्हणायच्या आणि काचेतून माझ्याकडे बघून जरा ओशाळायच्या, की ही बिचारी उपाशीच राहिली. मधल्या दोन-तीन शब्दांना त्यांना राहवलं नाही. कन्नड शब्द म्हणून त्या हळूच माझ्याकडे बघत म्हणाल्या, “म्हंजे झाड.” मॅडम हसल्या. पंचवीसपैकी तेवीस बरोबर आले. डॉक्टरांनी नवा कागद बघून पहिलं मत खोडलं आणि यंत्राची शिफारस लिहून दिली.

यंत्रं सरकारी योजनेतून मिळायची, त्यामुळे मंजुरीचे कागद, कानाच्या आकाराचे साचे, सगळं मिळून दोन-अडीच महिने गेले. सरकारी कामाचं घोडं कुठे ना कुठे पेंड खातंच. या काळात मी दर शनिवारी बाजारात जायची, कधी भाजीसाठी, कधी नुसतीच. आणि संध्याकाळच्या बसमध्ये सासूबाईंनी शिकवलेले शब्द घोकायची. त्या शिकवायला लागल्या की मारकुट्या मास्तरीणबाई होतात. एकदा कंडक्टरला मी कन्नडात सुटे मागितले तेव्हा त्यानं मराठीत उत्तर दिलं. तरी मी कन्नडातच आभार मानले.

यंत्रं बसवली त्या दिवशी मावशींनी पहिली तक्रार केली ती प्लॅस्टिकच्या पिशवीची. “केवडं वराडतीया ही.” मग स्वतःच्या बांगड्यांची. सगळ्यांचंच असं होतं. इतकी वर्षं न ऐकलेले बारीक आवाज एकदम अंगावर येतात आणि मेंदूला त्यांची पुन्हा ओळख करून घ्यावी लागते. मी त्यांना बजावलं की आठ दिवस घरीच वापरा, मग दारात बसा, मग गल्लीत. बाजारात एकदम जाऊ नका, गोंगाटानं कंटाळून यंत्र काढून ठेवाल. त्यांनी हो हो म्हटलं. कडोलीतल्या बायका डॉक्टरांना हो म्हणतात आणि मग स्वतःचं तेच करतात, हे मला तोवर कळून चुकलं होतं. म्हणून तिसऱ्याच दिवशी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मी बाजारात गेले.

मावशी येऊन बसल्याच होत्या. पण मागे, तराजूपाशी. धाकटी पुढे. मला वाटलं, मुलानं नाही म्हटलं असेल, किंवा मावशीच घाबरल्या असतील. मी जवळ जाणार, तोच एक जोडपं ढिगापाशी थांबलं. पुरुषानं कन्नडात विचारलं की रताळी कुठली. मी मावशींकडे बघितलं. त्यांना ऐकू गेलं होतं, त्यांची मान वळली, तोंड उघडलं, सांगायला.

त्याआधीच धाकटी बोलली. कन्नडात. अडखळत, एकेक शब्द पुढे ठेवत, पण बोलली. रताळी आमच्या शेतातली, कालच काढलीत, उकडून खा, गोड लागतील. मलाही कळलं, म्हणजे ती माझ्याइतकंच चुकत बोलत असणार. पुरुषानं अजून काहीतरी विचारलं, तिनं तेही सांगितलं, बोटं न वापरता. जोडपं भाजी घेऊन गेलं.

मावशींचं तोंड अजून उघडंच होतं. या तीन-चार महिन्यांत त्या बसायच्या धाकटीच्या पाठीमागे, आणि कानात यंत्र नव्हतं. धाकटीचं कन्नड सगळ्या बाजारानं ऐकलं होतं, त्यांनी सोडून.

“ह्ये कवा शिकलीस गं?” त्यांनी विचारलं.

धाकटीनं मागे वळून बघितलं नाही. ती पालापाचोळा झाडत होती. “तुमी गप झालासा तवा,” ती म्हणाली. “मला सांगायला कोन हुतं आक्का? तीस वर्सं कानावर पडत हुतं. पर तुमी मराठीत सांगायचा, म्हणून ऐकायची गरजच पडली न्हाय.”

मी तिथे उभी आहे हे दोघींनाही ठाऊक होतं, पण त्या क्षणी माझं तिथे काही काम नव्हतं. मला भीती वाटली, अगदी खरी भीती, की आता या बाईला कळेल, आपल्याशिवाय बाजार चालतो. जिच्यासाठी एवढा खटाटोप केला ती जागा आता रिकामी उरलेली नाही. त्या यंत्र काढून चंचीत टाकतील आणि म्हणतील, झालं तर मग, मी बसते घरी.

मावशींनी तराजू उचलून बाजूला ठेवला. उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून, आणि पुढे येऊन धाकटीच्या पोत्याच्या कडेला बसल्या. धाकटीला कोपरानं जरा ढकललं. ती सरकली. आता दोघी एका पोत्यावर, गिऱ्हाइकांकडे तोंड करून. पुढचं गिऱ्हाइक आलं तेव्हा धाकटी बोलली, आणि मावशी एक कान तिच्याकडे देऊन ऐकत राहिल्या. गिऱ्हाइक गेल्यावर म्हणाल्या, “शेवटचं जरा चुकलं तुझं. पुन्ना बोल.”

धाकटीनं पुन्हा बोलून दाखवलं. मावशींनी मान डोलावली, आणि त्या तिला पुढचं वाक्य सांगायला लागल्या.